माझे छऱ्याचे पिस्तूल

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. सभेला न आलेल्या भगिनींसाठी व शेजाऱ्यांसाठी येथे दिले आहे.)



आपल्या सभेत दर महिन्याला कुणी ना कुणी बोलायला उभी राहते. कुणी लोणची टिकवण्याविषयी सांगते, कुणी मधुमेहाविषयी, कुणी काशीयात्रेचे वर्णन करते. आज माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकून पुढच्या रांगेत दोघी-तिघी पदराआड हसत आहेत, ते मला येथून दिसते आहे. हसा, खुशाल हसा. गेला महिनाभर आपल्या गल्लीत माझ्याविषयी जे बोलले गेले, त्या मानाने हे हसणे फारच सौम्य म्हणायचे.

बोलणे असे होते, की काकूंनी म्हातारपणी पिस्तूल घेतले आहे. भाजीच्या गाडीपाशी ते "काकू गच्चीवर पिस्तूल चालवतात" असे झाले, आणि म्हाळगीनगरच्या चौकापर्यंत पोचेपर्यंत "काकूंना कुणाची तरी धमकी आली आहे" इथवर मजल गेली. तेव्हा अध्यक्षबाईंनी मला बोलावून सांगितले, "जे काय आहे ते तुम्हीच सभेत सांगून टाका. उगाच तर्क नकोत." त्यांचे म्हणणे मला पटले. शिवाय या प्रकरणात माझ्या हातून एक चूकही झाली आहे. ती तुमच्यापुढे सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही. पण आधी वस्तू काय आहे ते सांगते, मग चूक.

तर पिस्तूल आहे, ही गोष्ट खरी. पण ते दारूगोळ्याचे नाही. त्यातून सुटतो तो पोलादाचा एक बारीक गोल छर्रा. व्यास जेमतेम साडेचार मिलिमीटर, म्हणजे साधारण साबुदाण्याएवढा. वजन एक तृतीयांश ग्रॅम. या छऱ्याला इंग्रजीत बीबी म्हणतात. बॉल बेअरिंगची ती आद्याक्षरे, असे पुष्कळ जण सांगतात. पण ते खरे नव्हे. शिकारीच्या छऱ्यांचे जे ठरलेले आकार असत, त्यांतल्या एका आकाराचे ते जुने नाव आहे. आमच्या घरी मात्र तिसराच अर्थ रूढ झाला आहे. पाहुणे आले की आमचे हे मोठ्या गंभीरपणे सांगतात, "हे माझे नव्हे, बीबीचे पिस्तूल आहे."

आता हा छर्रा सुटतो कसा? आपल्यापैकी सर्वांनी गोटी सोडा प्यालेला आहे. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी घट्ट बसलेली असते. तिला तेथे कोण दाबून धरते? तर सोड्यातला वायू. अंगठ्याने गोटी आत ढकलली की फस्सकन आवाज होतो आणि तोच वायू बाहेर पडतो. या पिस्तुलाच्या मुठीत तोच वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, भरलेली पोलादाची एक कुपी बसवावी लागते. ती अंगठ्याहून थोडी मोठी असते आणि तीत १२ ग्रॅम वायू असतो. हा वायू इतका दाबून भरलेला असतो, की आत त्याचे पाणी झालेले असते. २० अंश उष्णतेला त्याचा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या सत्तावन्न पट भरतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या पंचवीस पट म्हणा. चाप ओढला की आतली एक हातोडी झडपेवर आपटते, झडप क्षणभर उघडते, वायूचा एक फुत्कार नळीत शिरतो आणि छरा पुढे फेकला जातो. गोटी सोड्यात वायू गोटीला अडवून धरतो, येथे तो तिला पिटाळून लावतो, एवढाच फरक. एका कुपीत माझे पन्नास-साठ छर्रे होतात.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की हे यंत्र उतावळेपणा चालू देत नाही. वायू बाहेर पडताना थंड होतो. ओल्या माठातले पाणी जसे उडता उडता गार होते, तसेच काहीसे. भराभर आठ-दहा छर्रे सोडले तर मूठ हाताला गार लागते, आतला दाब उतरतो, आणि पुढचा छर्रा मरगळल्यासारखा खाली पडतो. मग थांबावे लागते. पिस्तूल पुन्हा हवेइतके उबदार झाले की त्याची ताकद परत येते. पूर्वी मोठ्या स्पर्धांतूनही कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुले असत. पण थंडी-उन्हाप्रमाणे दाब बदलतो, हा त्यातला दोष. म्हणून आता तेथे दाबून भरलेली साधी हवा वापरतात.

आणि याच कारणाने आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याशी या वस्तूचे मुळीच जमत नाही. ३१ अंशांच्या वर हा वायू पाण्याच्या रूपात राहूच शकत नाही. मग कुपीतला दाब भराभर चढू लागतो. कुप्यांच्या खोक्यावर छापलेले असते, की ५० अंशांवर उष्णता जाईल अशा जागी ठेवू नये. आता वैशाखात आपली गच्ची किती तापते, हे तुम्हाला मी काय सांगू? पापड नुसता ठेवला तरी भाजून निघेल. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीची गतही तीच. म्हणून चैत्र संपला की माझे पिस्तूल आणि कुप्या खालच्या मजल्यावर कुलपात जातात, त्या मृगाचा पाऊस पडल्यावरच बाहेर येतात.

कायद्याविषयी दोघी-तिघींनी विचारले, तेही सांगते. आपल्या देशात १९५९चा शस्त्र कायदा आहे आणि त्याखाली २०१६चे शस्त्र नियम आहेत. हवेच्या वा वायूच्या ज्या हत्याराची नळी साडेचार मिलिमीटरहून मोठी नाही आणि ज्याच्या छऱ्याचा जोर २० ज्यूलहून अधिक नाही, त्याला परवाना लागत नाही. माझ्या पिस्तुलाचा जोर दोन-तीन ज्यूल आहे. सीताबर्डीच्या दुकानदाराने माझे ओळखपत्र पाहिले, त्याची प्रत ठेवून घेतली आणि मगच वस्तू हातात दिली. किंमत मात्र मी येथे सांगणार नाही, कारण ती घरी अजून पुरती सांगितलेली नाही.

परंतु परवाना लागत नाही, याचा अर्थ ते खेळणे आहे असा नाही. ही गोष्ट मला दुकानात कळली नाही, पुस्तकात वाचूनही कळली नाही. ती कशी कळली, ते पुढे येईलच.

"पण काकू, हे खूळ तुमच्या डोक्यात आले तरी कुठून?" असे माझी सूनही विचारते. त्याचे उत्तर द्यायचे तर मला रामटेकला जावे लागेल.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आम्ही त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला रामटेकला गेलो होतो. गडावरून दर्शन घेऊन खाली आलो, तर यात्रेत फुग्यांचे एक दुकान मांडलेले. लाकडी फळीवर लाल-पिवळे-निळे फुगे ओळीने लावलेले, आणि समोर छऱ्याची लांब बंदूक. चार आण्यांत पाच छर्रे. वडिलांनी माझ्या भावाला चार आणे दिले. त्याने पाच छर्रे उडवले, एक फुगा फुटला. मी हात पुढे केला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "मुलीले जमत नाही, भाऊ," आणि वडील मला म्हणाले, "चल, तुला बांगड्या घेऊ." बांगड्या घेतल्या. छान होत्या, हिरव्या होत्या. वडिलांचा त्यात काही दोष होता असेही मला वाटत नाही. तेव्हा सगळेच तसे वागत. पण तो न उडवलेला छर्रा माझ्या मनात राहून गेला, तो पन्नासहून अधिक वर्षे. पुढे फुटाळ्याला मुलांना घेऊन गेले की तेथेही फुग्यांच्या बंदुका दिसत. मुलांच्या हाती पैसे द्यायचे, टाळ्या वाजवायच्या आणि पर्स सांभाळत उभे राहायचे, हे काम माझे.

साठी उलटल्यावर एके दिवशी माझ्या भाच्याने त्याचे असे पिस्तूल आणून दाखवले. सहज म्हणाला, "मामी, पाहता का मारून?" मी मारून पाहिले. कागदावर काढलेल्या वर्तुळाच्या अगदी कडेला भोक पडले. मैत्रिणींनो, तुम्हाला खोटे वाटेल. पण घरी सून आल्यावर झाला नव्हता तितका आनंद मला त्या भोकाने झाला. (सूनबाई समोरच बसली आहे. ती मला क्षमा करील.)

नेम धरण्यात काय गंमत आहे, ते सांगण्याचा प्रयत्न करते. नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. आणि डोळ्याजवळच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या बरोबर मधोमध माशी यायला हवी, दोन्हींची डोकी सारखी हवीत, आणि त्यावर लक्ष्य टेकलेले हवे. आता डोळ्याला या तिन्ही वस्तू एकदम स्पष्ट दिसत नाहीत. नवशिक्या लक्ष्याकडेच टक लावून पाहतात आणि चुकतात. पाहायचे असते ते माशीकडे. लक्ष्य थोडे पुसट दिसले तरी चालते. मग श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबायचे आणि चाप ओढायचा. तो झटक्याने नव्हे, तर दूध उतू जाऊ नये म्हणून आपण गॅसची कळ जशी हळूहळू फिरवतो, तसा. त्या दोन-तीन सेकंदांत दुसरा कोणताही विचार मनात उभा राहू शकत नाही. गुडघा दुखतो हे आठवत नाही, विजेचे बिल आठवत नाही, कोण काय बोलले ते आठवत नाही. सुईत दोरा ओवताना जसे सारे जग त्या सुईच्या नाकाएवढे होते, तसेच. म्हणून मला वाटते, मुलींना जमत नाही असे म्हणणाऱ्या त्या दुकानदाराने कुणा बाईला ठिपक्यांची रांगोळी काढताना कधी नीट पाहिलेच नसावे.

आणि जमत नाही म्हणावे, तर आपल्या महाराष्ट्राच्याच मुलींनी काय काय करून दाखवले आहे! मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये रायफलच्या अंतिम फेरीत धडक मारली; नेमबाजीत तेथवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ साली इंडोनेशियातील आशियाई खेळांत पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. आणि २०२४ साली पॅरिसला हरियाणाच्या मनू भाकर हिने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक घेतले. नेमबाजीत ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या खेळात दहा मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ किती मोठे असते, ठाऊक आहे? फक्त साडेअकरा मिलिमीटर. सदऱ्याच्या गुंडीएवढे! आणि पिस्तूल धरायचे एकाच हातात.

"त्या तरुण मुली, तुमचे काय?" असे कुणी म्हणेल. तर उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहडी नावाचे गाव आहे. तेथल्या चंद्रो तोमर या आजीबाई साठी उलटल्यावर नातीबरोबर नेमबाजीच्या वर्गाला जाऊ लागल्या, आणि गंमत म्हणून पिस्तूल हातात घेऊन पुढे स्पर्धांतून पदके जिंकू लागल्या. त्यांच्या जाऊबाई प्रकाशी याही त्यांच्याबरोबर. दोघी घागरा-ओढणीतच उभ्या राहत. त्यांच्यावर २०१९ साली हिंदी चित्रपटही निघाला. चंद्रो आजी २०२१ साली करोनाच्या साथीत गेल्या. त्यांच्याशी माझी बरोबरी मुळीच नाही. त्यांची पिस्तुले अचूक, माझे नळी गुळगुळीत असलेले साधे पिस्तूल. पाच-सहा मीटरवर दहा छर्रे मारले तर ते पुरीएवढ्या जागेत पडतात, आणि एवढ्यावर मी दिवसभर खूश असते. पण हौसेला वय नसते, एवढे मी त्यांच्यापासून घेतले.

असो. आता ती चूक.

होळी होऊन गेली होती. ऊन तापू लागले होते, पण सकाळ अजून बरी होती. मी गच्चीवर जाऊन कठड्यापाशी पावडरचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. मागे लोखंडी घमेले उपडे घातलेले होते. मला वाटले, बरे झाले, छर्रे अडतील. मी वीस-पंचवीस छर्रे मारले. डबा टणटण वाजत होता आणि मला मोठी मौज वाटत होती. छर्रे अडतात की नाही, कुठे पडतात, हे मी पाहिलेसुद्धा नाही.

दुपारी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून, मध्ये जेमतेम चार फुटांची गल्ली. नेहमी त्या दारातूनच हाक मारतात. त्या दिवशी न बोलता आत येऊन बसल्या. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पोलादाचा एक छर्रा होता.

"काकू, हे पाहा बरं. कुरोड्यांत सापडलं. तुमचंच असन."

मी हो म्हणाले. हसण्यावारी नेण्यासाठी काहीतरी बोलणारही होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कावळे हाकलायले पोरगी तिथंच बसून होती, काकू."

एवढेच. त्या ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांची नात सहा वर्षांची आहे. तुम्ही सर्वांनी तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ वाटताना पाहिले आहे. हातात काठी घेऊन ती कुरड्यांपाशी बसली होती, आणि तिच्यापासून दोन हातांवर माझी मौज येऊन पडली होती.

त्या रात्री मी जेवले नाही. हिशेब करीत बसले. पोलाद मऊ नसते. शिशाचा छर्रा टणक वस्तूवर आपटला की चपटा होतो, आणि त्याचा बराचसा जोर तेथेच जिरतो. पोलादाचा छर्रा गोलच राहतो आणि चेंडूसारखा उलटतो. मी ज्या घमेल्याला आडोसा समजत होते, तेच त्याला उडवून लावत होते. आणि दोन-तीन ज्यूल म्हणजे काही नाही, असे जे मी आत्ताच ऐटीत तुम्हाला सांगितले, ते कागदाच्या दृष्टीने काही नाही. डोळ्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे. डोळा एकदा गेला की कोणताही डॉक्टर तो परत देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. आम्ही येथे घर बांधले तेव्हा हुडकेश्वर हे गाव होते. ग्रामपंचायत होती, पाठीमागे शेते होती, रात्री कोल्हे ओरडत. तेव्हा गच्चीवरून दगड भिरकावला तरी तो मातीत पडला असता. आता आपण महानगरपालिकेत आलो. शेताचे प्लॉट झाले, प्लॉटवर घरे झाली, घरांवर मजले चढले. एकीच्या गच्चीवरचे बोलणे दुसरीच्या गच्चीवर ऐकू येते. हा छर्रा शंभर मीटरच्या पुढेही सहज जाऊ शकतो. तेवढ्या टापूत आज आपली किती घरे येतात, ते मोजून पाहा. मी गच्चीवर उभी राहून अजून त्या जुन्या रिकाम्या शेताकडे नेम धरीत होते. शेत केव्हाच गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे जाऊन त्यांची माफी मागितली. पिस्तूल विकून टाकते, असेही म्हणाले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "विकान तर दुसरा कोणी घेईन, अन् त्याले काही माहीत नसन. तुम्हाले तर आता माहीत झालं." हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवले आहे.

म्हणून मी पिस्तूल ठेवले, पण रीत सगळी बदलली. ती सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकींच्या घरी मुले-नातवंडे असल्या वस्तू मागवू लागली आहेत. उद्या तुमच्याही दारी असे खोके येईल.

पहिली गोष्ट, गच्ची बंद. आता मी खाली परसात, विटांच्या उंच भिंतीकडे तोंड करून उभी राहते. भिंतीपुढे लक्ष्याची पेटी असते. ती मी स्वतः केली आहे. पुठ्ठ्याचे मोठे जाड खोके घेतले आणि त्यात जुन्या सुती साड्या, गोधडीच्या चिंध्या व रद्दी दाबून भरली. वर कागद चिकटवायचा आणि त्यावर नेम. छर्रा चिंध्यांत शिरतो आणि तेथेच निजतो. उलटून येत नाही. पेटीच्या मागे जुनी सतरंजी लोंबती सोडलेली आहे, नेम चुकलाच तर ती अडवते. पत्रा, दगड, काच, झाडाचा बुंधा यांवर पोलादाचा छर्रा कधीही मारू नये.

दुसरी, चष्मा. डोळे सर्व बाजूंनी झाकणारा, न फुटणारा चष्मा मारणाऱ्याने तर घालायचाच, पण पाहायला उभे राहील त्यानेही घालायचा. मी चार चष्मे आणून ठेवले आहेत. चष्मा नाही, तर खेळ नाही. मग जावई आले तरी नाही.

तिसरी, पिस्तूल नेहमी भरलेले आहे असेच समजायचे. कुपी काढली, छर्रे काढले, तरीही त्याचे तोंड माणसाकडे वळवायचे नाही. बोट चापावर ठेवायचे ते नेम धरल्यावरच. काम झाले की पिस्तूल एका कुलपात, छर्रे व कुप्या दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या माझ्या कमरेला.

चौथी, पाखरे. बुलबुल, चिमण्या, होले, भारद्वाज हे आपल्या परसाचे भाडेकरू नव्हेत, ते आपल्या आधीचे आहेत. त्यांच्यावर नेम धरणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी ते पापच होते. अरुणाचल प्रदेशात छऱ्यांच्या बंदुकांनी जंगले मुकी होत चालली, तेव्हा २०२१ साली पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमदुंग गावापासून लोकांनी आपण होऊन बंदुका जमा करण्यास सुरुवात केली. तेथल्या माणसांना ज्याची खंत वाटली, ते आपण येथे सुरू करू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागच्या आठवड्यात एका भगिनीने मला बाजूला घेऊन विचारले, "काकू, आजकाल रस्त्यात मंगळसूत्र ओढतात. पर्समध्ये असले एक ठेवावे का?" मी हात जोडून सांगते, मुळीच ठेवू नये. या वस्तूने चोर थांबणार नाही, चिडेल मात्र. आणि ती दिसते हुबेहूब खऱ्यासारखी. समोरच्याला, वाटेवरच्या माणसाला, पोलिसाला ते कसे कळावे? खोटे हत्यार दाखवून कुणाला धाक घातला, तरी तो गुन्हाच. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा, मोठ्याने ओरडावे, चारचौघींनी मिळून जावे. पिस्तूल परसातच बरे. ते संरक्षणासाठी नाही, ते फक्त मौजेसाठी आहे.

आणि याच शब्दापाशी शेवटचा प्रश्न येतो. तो आमच्या घरातल्यांनीच विचारला, "मौज ठीक, पण त्याचा उपयोग काय?"

मी पुष्कळ विचार केला. आपण बायका काहीही शिकलो, तरी त्याचा उपयोग आधी ठरलेला असतो. विणकाम शिकलो की स्वेटर होतात, शिवण शिकलो की झबली होतात, गाणे शिकलो की ते देवापुढे होते, वाचायला बसलो तर नातवंडांना वाचून दाखवतो. या सर्वांत सुख आहे, मी नाही म्हणत नाही. पण दिवसातला अर्धा तास असा असावा, की ज्यातून घरातल्या कुणालाही काही मिळायचे नाही. कागदाला एक भोक पडावे आणि आपण एकटीनेच ते पाहून म्हणावे, "वा!" त्या अर्ध्या तासाचा उपयोग नाही, हाच त्याचा गुण आहे. पुरुषांना पत्ते, क्रिकेट आणि पानाच्या ठेल्यापाशी उभे राहणे, यांचा उपयोग कुणी विचारत नाही.

मात्र या हक्काच्या पाठोपाठ एक जबाबदारी येते, ती मला त्या छऱ्याने शिकवली. आपली मौज आपल्या अंगणाच्या आत संपली पाहिजे. भोंग्याचा आवाज असो, फटाका असो, मांजा असो की माझा छर्रा असो. तो हातून सुटला की आपला राहत नाही. तो कुणाच्या कुरड्यांत जाऊन पडेल, ते आपण आधी पाहायचे. नेम धरताना दृष्टी माशीवर असावी, हे खरे. पण नेम धरण्यापूर्वी लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहून घ्यायचे असते. हे मी उलट्या क्रमाने शिकले.

वहिनींनी आणून दिलेला तो छर्रा मी पुन्हा पिस्तुलात घातला नाही. हळदीकुंकवाच्या जुन्या करंड्यात तो ठेवला आहे. दर वेळी परसात जाण्यापूर्वी करंडा उघडून पाहते.

आता थोडे आनंदाचे सांगून संपवते. पाऊस सुरू झाल्यावर एके सकाळी शेजारच्या वहिनी परसात आल्या. म्हणाल्या, "पाहू तर द्या, हे आहे तरी काय एवढं." मी त्यांना चष्मा घातला, खाच-माशी समजावून सांगितली, आणि म्हटले, पहिला छर्रा लागत नसतो, मनाला लावून घेऊ नका. वहिनींनी पदर खोचला, श्वास धरला, आणि मैत्रिणींनो, वर्तुळाच्या ऐन मध्यावर भोक पाडले! मला ते अजून एकदाही जमलेले नाही. मग पिस्तूल माझ्या हातात परत देत त्या म्हणाल्या, "बस झालं. आता हे मोडायचं नाही." तेव्हापासून दुसरा छर्रा मारायला त्या काही केल्या तयार नाहीत. तो कागद त्यांच्या स्वयंपाकघरात लावलेला आहे. ज्यांना खोटे वाटत असेल, त्यांनी जाऊन पाहावा.

ज्या भगिनींना आपला न उडवलेला छर्रा उडवून पाहायचा असेल, त्यांनी रविवारी सकाळी आमच्या परसात यावे. चष्मे चार आहेत, म्हणून एका वेळी चौघीच. पोहे मी करीन. मुलांनी आईबरोबर यावे, एकट्याने नाही.

 यापुढे आमच्या परसातून फस्स असा आवाज आला, तर काकू सोडा पीत आहेत असे समजावे.